हान्स रॉट आणि त्याची ई मेजर सिम्फनी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हान्स रॉटबद्दल गेली काही वर्षं जमेल तिथं बोलतो, लिहितो, मित्रांना त्याची सिम्फनी (पूर्ण ऑर्केस्ट्रासाठीची, अनेक भागांची मोठी रचना) ऐकवतो. त्यानंतर तेच तेच प्रश्न येत राहतात. ते इथं एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हा हान्स रॉट कोण? आम्ही तर नावही ऐकलं नव्हतं.

ऑस्ट्रियन संगीतकार. जन्म १ ऑगस्ट १८५८, व्हिएन्नाच्या एका उपनगरात. मृत्यू २५ जून १८८४, व्हिएन्नातच, क्षयानं. सव्वीस वर्षंही पुरी झाली नाहीत, आणि त्यातली शेवटची साडेतीन-पावणेचार वर्षं मनोरुग्णालयात गेली. म्हणजे संगीतकार म्हणून त्याच्या वाट्याला आलेला काळ जेमतेम सहा-सात वर्षांचा.

वडील व्हिएन्नाच्या रंगभूमीवरचे गाजलेले विनोदी नट, आई गायिका आणि नटी. आई १८७२ मध्ये गेली. वडिलांना रंगमंचावरच अपघात झाला, ते अंथरुणाला खिळले आणि १८७६ मध्ये तेही गेले. विशीच्या आत पोरका झालेल्या या मुलाची फी व्हिएन्ना कॉन्झर्व्हेटरीनं, म्हणजे तिथल्या संगीत महाविद्यालयानं, माफ केली होती. तिथं तो फ्रान्झ क्रेन यांच्याकडे रचना शिकला आणि संगीतकार आंतोन ब्रुकनरकडे ऑर्गन. पुढं सिम्फनींसाठी प्रसिद्ध झालेला गुस्ताव माहलर त्याच्याच बरोबरचा. पोटापाण्यासाठी रॉट पियारिस्ट पंथाच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा आणि तिथल्याच मठात राहायचा. संगीत शिकणारी मित्रमंडळी त्याच्या खोलीत जमायची.

२. काही ठिकाणी ‘रॉथ’ लिहिलेलं दिसतं. तो हाच का?

हाच. घराण्याचं मूळ आडनाव रॉथ. वडिलांनी रंगभूमीवर ‘रॉट’ हे नाव लावलं आणि तेच मुलाकडे आलं. रेकॉर्डिंग शोधताना ‘रॉट’ हेच नाव टाका.

३. या सिम्फनीत एवढं काय आहे?

ही सिम्फनी १८८० मध्ये, रॉट बाविशीत असताना पूर्ण झाली. तेव्हा माहलरनं एकही सिम्फनी पुरी केलेली नव्हती. त्याची पहिली १८८८ ची. तरीही रॉटची सिम्फनी ऐकताना, विशेषतः तिसऱ्या मूव्हमेंटमध्ये (मूव्हमेंट म्हणजे सिम्फनीचा एक स्वतंत्र भाग), ज्याला आपण आज ‘माहलरचा आवाज’ म्हणतो तो ऐकू येतो: गावजत्रेतलं वाटावं असं नाचाचं वळण, त्याला मध्येच छेदणारा हॉर्नचा पुकार, आणि आनंद कधी हाताबाहेर जाईल याचा नेम नाही.

माझा आग्रह मात्र वेगळा आहे. ‘माहलरच्या आधीचा माहलर’ म्हणून ही सिम्फनी ऐकायला घेतलीत तर कान सतत तुलना करत राहतील आणि हातातलं निसटेल. ब्रुकनरकडून आलेला ऑर्गनसारखा भरीव ब्रास (ट्रम्पेट, हॉर्न अशी पितळी फुंकवाद्यं), जर्मन संगीतकार वाग्नरच्या ऑपेरांची नशा, चर्चमधल्या कोरालची, म्हणजे सामूहिक स्तोत्रांची, सवय आणि बावीस वर्षांच्या मुलाचा अधीरपणा हे सगळं तिच्यात एकत्र नांदतं. काही सांधे दिसतात, काही जागा लांबतात. पण पहिल्या दोन मिनिटांतच कळतं की या मुलाजवळ सांगण्यासारखं स्वतःचं काही आहे. एकूण चार मूव्हमेंट, अवधी पाऊण ते एक तास.

४. मी रागसंगीत ऐकतो. सिम्फनीची सवय नाही. नेमकं काय धरून ऐकू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि मला सगळ्यात आवडतो. उत्तर एका वाक्यात: सुरुवातीची ट्रम्पेटची ओळ धरा आणि सोडू नका.

सिम्फनी सुरू होते तेव्हा खाली तंतुवाद्यांची हलकी थरथर असते आणि तिच्यावर एकटा ट्रम्पेट, अगदी मृदू, एक लांब ओळ मांडतो. ट्रम्पेट म्हटलं की आपल्याला बँड आठवतो, पण इथं तो पहाटे दूरवरून येणाऱ्या आवाजासारखा आहे. ही ओळ चढत जाते, हळूहळू इतर वाद्यं सामील होतात आणि थोड्याच वेळात तीच ओळ सगळ्या ब्रासच्या तोंडी येते. एकदा, दोनदा, तीनदा फक्त एवढाच भाग ऐका. ओळ गुणगुणता येऊ लागली की पुढं जा.

ख्यालात मुखडा दर आवर्तनाला परत येतो आणि त्याच्या येण्याची आपण वाट बघतो. इथं तसं होत नाही. ही ओळ मधल्या वाटेत तुकड्यातुकड्यांनी, वेश बदलून भेटते, आणि शेवटच्या मूव्हमेंटच्या अखेरीला, म्हणजे सुरुवातीपासून जवळजवळ तासाभरानं, पूर्ण रूपात परत येते. मग आवाज ओसरत जातो आणि सिम्फनी शांतपणे संपते. ती परतणारी ओळ ओळखता आली तर बाकी कुठलीही माहिती नसली तरी चालेल.

दुसरं मूव्हमेंट संथ आहे, त्यात गाणं आहे. तिसरं स्केर्झो, म्हणजे तीन मात्रांचं धावतं नाचरं मूव्हमेंट. नवख्या माणसाला हेच चटकन आवडतं, म्हणून कुणाला नुसती चुणूक दाखवायची असेल तर मी हे लावतो. चौथं वीस मिनिटांहून मोठं आहे. ते अंधारात चाचपडत सुरू होतं, बराच वेळ काहीच ठरत नाही आणि मग एक रुंद, भजनासारखी धून तंतुवाद्यांवर येते. त्या धुनेबद्दल प्रश्न १० पाहा.

एकाच बैठकीत सगळं ऐकायलाच हवं असं नाही. पण पहिलं आणि चौथं मूव्हमेंट एकाच दिवशी ऐका, नाहीतर ओळीचं परतणं जाणवणार नाही.

५. कोणतं रेकॉर्डिंग आधी ऐकावं?

याकुब हृशा आणि बाम्बेर्ग सिम्फनीचं, २०२२ मध्ये डॉइच ग्रामोफोननं काढलेलं. वादन सुबक आहे, ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे आणि जोडीला माहलर आणि ब्रुकनर यांच्या नावावरच्या दोन छोट्या रचना आहेत, त्यामुळे तिघांचा शेजार एका बैठकीत कळतो. (त्या दोनपैकी एकीचा घोळ प्रश्न १२ मध्ये.)

त्यानंतर पावो यार्वी आणि फ्रँकफर्ट रेडिओ सिम्फनीचं ऐका. आणि मग मुद्दाम मागं जाऊन गेर्हार्ड सॅम्युएल आणि सिनसिनाटी फिलहार्मोनियाचं, हायपेरिअन कंपनीचं १९८९ चं ऐका. हा कॉन्झर्व्हेटरीतल्या विद्यार्थ्यांचा ऑर्केस्ट्रा. ज्या संगीताला वाजवण्याची कुठलीही परंपराच नाही ते पहिल्यांदा हातात घेणारी ही मुलं आहेत, आणि तो ताजेपणा वाजवण्यात उतरला आहे. कुठं धार कमी पडली तरी मला हे रेकॉर्डिंग फार प्रिय आहे.

६. ब्रुकनरनं परीक्षकांना गप्प केलं होतं, तो किस्सा काय आहे?

१८७८ मध्ये कॉन्झर्व्हेटरीच्या शेवटच्या वर्षाच्या रचनास्पर्धेत रॉटनं या सिम्फनीचं पहिलं मूव्हमेंट दिलं. परीक्षकांनी त्याची टर उडवली. ब्रुकनर उठला आणि म्हणाला, हसू नका, या माणसाकडून तुम्हाला अजून फार मोठं काही ऐकायला मिळणार आहे. ही आठवण रॉटच्या वर्तुळातून आपल्यापर्यंत आली आहे. त्या वर्षी माहलरला बक्षीस मिळालं, रॉटला नाही.

इथं व्हिएन्नातले तट समजून घ्यायला हवेत. एका बाजूला वाग्नरला मानणारे, दुसऱ्या बाजूला संगीतकार ब्राम्स आणि त्याचा पाठीराखा समीक्षक एदुआर्ड हान्सलिक. ब्रुकनर वाग्नरचा भक्त म्हणून ओळखला जायचा, आणि त्याचा लाडका शिष्य आपोआप त्याच गोटातला धरला गेला. रॉट स्वतः १८७६ मध्ये बायरॉइटच्या पहिल्या वाग्नर महोत्सवाला जाऊन आला होता, त्यामुळे तो शिक्का खोटाही नव्हता.

७. रेल्वेच्या डब्यात त्यानं पिस्तूल रोखलं, हे खरं की रचलेलं?

खरं आहे. ऑक्टोबर १८८० मध्ये तो अल्सासमधल्या म्युलहाउझेनला निघाला होता, तिथल्या गायकवृंदाचं काम स्वीकारायला. तेव्हा ते गाव जर्मन साम्राज्यात होतं, आज फ्रान्समध्ये आहे. व्हिएन्ना सोडायची त्याची इच्छा नव्हती, पण शहरात पोट भरेल असं काहीच हाताला लागत नव्हतं. वाटेत समोरच्या प्रवाशानं सिगार पेटवायला काडी ओढली. रॉटनं पिस्तूल काढलं आणि त्याला थांबवलं: ब्राम्सनं गाडीत डायनामाइट भरून ठेवलं आहे, असं तो म्हणत होता.

त्याला व्हिएन्नाला परत आणून आधी तिथल्या मोठ्या रुग्णालयाच्या मनोरुग्ण विभागात आणि १८८१ च्या सुरुवातीला प्रांतिक मनोरुग्णालयात ठेवलं. तिथंही त्यानं काही काळ रचना केल्या आणि नंतर लिहिलेलं बरंच काही स्वतःच नष्ट केलं.

हा प्रसंग रॉटची ओळख करून देताना हमखास आधी सांगितला जातो. मी तो सातव्या क्रमांकावर ठेवला आहे, कारण सिम्फनी या प्रसंगाच्या आधीची आहे. तिच्यात ‘वेड’ शोधत बसणं तिच्यावर अन्याय आहे. तिची बांधणी जागत्या, शिकलेल्या, मेहनती डोक्यातून आलेली आहे.

८. मग ब्राम्समुळे तो वेडा झाला, असं म्हणायचं का?

नाही. आधी घडलं ते सांगतो. सप्टेंबर १८८० मध्ये रॉट सिम्फनी घेऊन ब्राम्सकडे गेला. सरकारी शिष्यवृत्तीसाठी त्यानं अर्ज केला होता आणि निवड समितीत ब्राम्स, हान्सलिक आणि संगीतकार कार्ल गोल्डमार्क होते. रॉटच्या मित्रांच्या सांगण्यानुसार ब्राम्सचा शेरा असा होता: यात इतक्या सुंदर जागांशेजारी इतकं सामान्य काही आहे की सुंदर जागा तुमच्या असूच शकत नाहीत. संगीत सोडून द्या, असंही त्यानं सुचवलं. कंडक्टर हान्स रिश्टरनंही सिम्फनी पाहिली, पण ती वाजवली नाही.

हा शेरा क्रूर होता. पण एका शेऱ्यानं माणसाला असा आजार होत नाही. आईवडिलांचं जाणं, सततची तंगी, १८७८ मध्ये चर्चची नोकरी गेली तेव्हा त्याच्यावर झालेला पुस्तकचोरीचा आळ, स्पर्धेतली मानहानी, हे सगळं आधीच साचलेलं होतं, आणि मनाचा आजार हा आजारच असतो. रॉटच्या भ्रमानं ब्राम्सचं नाव उचललं म्हणून आपणही त्याच्यावर खटला भरावा हे मला पटत नाही. रॉटच्या मित्रांनी मात्र ब्राम्सला कधीच माफ केलं नाही, आणि त्यांचं दुःख मी समजू शकतो.

एक गोष्ट वाचताना दर वेळी पोटात कालवतं. ती शिष्यवृत्ती १८८१ मध्ये रॉटला मंजूर झाली. तेव्हा तो मनोरुग्णालयात होता.

९. सिम्फनी १८८० ची आणि पहिला प्रयोग १९८९ चा. मधल्या १०९ वर्षांत हस्तलिखित टिकलं कसं?

माणसांमुळे. ‘पुनर्शोध’ म्हटलं की धुळीनं भरलेल्या पेटीतून अचानक खजिना निघाल्याचं चित्र उभं राहतं. इथं तसं घडलं नाही.

पहिला माणूस योझेफ झेम्युलर, रॉटचा जिवलग मित्र, पुढं जर्मन भाषेचा प्राध्यापक झालेला. रॉट रुग्णालयात गेल्यावर त्याचे कागद यानं सांभाळले. तो संगीतात काम करणारा नव्हता, त्या कागदांचा त्याला व्यावहारिक उपयोग शून्य होता. तरी त्यानं आयुष्यभर ते टाकले नाहीत. ते पुढं व्हिएन्नाच्या ऑस्ट्रियन राष्ट्रीय ग्रंथालयात पोचले आणि आजही तिथंच आहेत. दुसरं नाव माया लोएर यांचं. त्यांचे वडील रॉट आणि माहलर या दोघांचे मित्र. विसाव्या शतकाच्या मध्यावर, रॉटचं नाव कुणी घेत नव्हतं तेव्हा, त्यांनी त्याच्या चरित्राची माहिती जमवून ठेवली.

मग १९७० च्या दशकात ब्रिटिश संगीतसंशोधक पॉल बँक्स तरुण माहलरचा अभ्यास करत व्हिएन्नाच्या या ग्रंथालयापर्यंत आले आणि त्यांनी ही सिम्फनी उघडली. पण वाचून भागत नाही. वाजवायची तर संपूर्ण स्कोअर (सगळ्या वाद्यांची एकत्र लिहिलेली स्वरलिपी) तपासून शुद्ध करावा लागतो आणि प्रत्येक वाद्याचा भाग वेगळा लिहून काढावा लागतो. व्हायोलिनवाल्याच्या पुढ्यात फक्त व्हायोलिनच्या ओळी हव्यात, तिसऱ्या हॉर्नपुढं फक्त तिसऱ्या हॉर्नच्या. तासाभराच्या सिम्फनीचं हे काम फार मोठं असतं, आणि ऐकणाऱ्याला ते कधीच दिसत नाही. ते झाल्यावर ४ मार्च १९८९ रोजी अमेरिकेत, सिनसिनाटीत, गेर्हार्ड सॅम्युएल यांनी ती पहिल्यांदा वाजवली.

सगळी नावं नीट लक्षात ठेवा, ही माझी विनंती.

१०. शेवटच्या मूव्हमेंटमधली धून ब्राम्सच्या पहिल्या सिम्फनीसारखी वाटते. माझ्या कानांचा दोष?

कान अगदी बरोबर आहेत. ब्राम्सची पहिली सिम्फनी १८७६ मध्ये लोकांसमोर आली. तिच्या शेवटच्या मूव्हमेंटमधली मोठी धून आणि रॉटची भजनासारखी धून सख्ख्या बहिणी वाटतात. (ब्राम्सची धून स्वतः बीथोवनच्या नवव्या सिम्फनीची आठवण करून देते, तो नात्याचा धागा आणखी मागं जातो.) पुढं रॉट त्याच धुनेवर फ्यूग बांधतो, म्हणजे एकच ओळ वेगवेगळी वाद्यं एकामागून एक उचलतात आणि आधीची थांबत नाहीत.

मला यात नमस्कार दिसतो. ब्रुकनरच्या आणि वाग्नरच्या सावलीत वाढलेला मुलगा आपल्या सिम्फनीच्या कळसाला विरुद्ध गोटातल्या माणसाची आठवण ठेवतो. आणि नेमकी तीच सिम्फनी घेऊन तो ब्राम्सच्या दारात गेला. पुढचं प्रश्न ८ मध्ये आहेच.

११. स्पष्ट विचारतो: माहलरनं रॉटचं संगीत चोरलं का?

‘चोरलं’ हा शब्द मी वापरणार नाही. ‘घेतलं’ हा वापरेन.

साम्यं ठसठशीत आहेत. रॉटचं स्केर्झो ऐका आणि लगेच माहलरच्या पहिल्या सिम्फनीचं दुसरं मूव्हमेंट लावा. मग त्याच्या दुसऱ्या सिम्फनीचं तिसरं. ही नुसती जवळीक नाही, काही जागा हातात हात घालून चालतात. काळाचा हिशेबही स्वच्छ आहे: रॉट आधी, माहलर नंतर.

पण एका गुरूकडे, एका शहरात, एकमेकांच्या खोलीत बसून शिकलेल्या दोन मुलांचा हा मामला आहे. आपल्याकडे एकाच घराण्यातल्या दोघांच्या गळ्यात तीच हरकत आली तर कुणी कुणाची घेतली हे सांगणं अवघड जातं. माहलरनं हे लपवलंही नाही. १९०० मध्ये त्यानं हस्तलिखित मागवून अभ्यासलं आणि आपली मैत्रीण नाताली बाउअर-लेश्नर हिच्याशी बोलताना सांगितलं की रॉटच्या जाण्यानं संगीताचं झालेलं नुकसान मोजता येणार नाही, आपल्याला अभिप्रेत असलेल्या नव्या सिम्फनीचा संस्थापक तोच, आणि आम्ही दोघं एकाच झाडाची दोन फळं आहोत.

माझी तक्रार दुसरी आहे. हे बोलला तेव्हा माहलर व्हिएन्नाच्या दरबारी ऑपेराचा संचालक होता आणि व्हिएन्ना फिलहार्मोनिकच्या मैफलीही त्याच्या हातात होत्या. सिम्फनी त्याच्या टेबलावर होती. त्यानं ती वाजवली नाही. उसन्या घेतलेल्या सुरांबद्दल मला काही वाटत नाही, पण ही न झालेली मैफल टोचत राहते.

१२. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये ‘सिम्फोनिक प्रिल्यूड’ आहे, त्यावर ब्रुकनरचं नाव. दुसरीकडे तीच रचना माहलरची म्हटली आहे. रॉटची तर नव्हे?

सी मायनरमधल्या या छोट्या रचनेची नक्कल रुडॉल्फ क्रिझानोव्स्कीच्या अक्षरात मिळाली. तोही ब्रुकनर-माहलर-रॉट यांच्याच वर्तुळातला. तिच्या कर्तृत्वाबद्दल ब्रुकनर, माहलर आणि स्वतः क्रिझानोव्स्की ही नावं पुढं आली आहेत, रॉटचंही घेतलं गेलं आहे. ऐकायला जरूर ऐका, पण रॉटच्या यादीत ती पक्की धरू नका.

१३. ई मेजर सिम्फनी ही ‘पहिली’ म्हणतात. मग दुसरी कुठं आहे? आणि बाकी काय लिहिलं त्यानं?

दुसऱ्या सिम्फनीची फक्त टिपणं उरली आहेत. गंमत अशी की ‘पहिली’च्याही आधी, १८७४-७५ मध्ये, त्यानं केवळ तंतुवाद्यांसाठी ए फ्लॅट मेजरमध्ये एक सिम्फनी लिहिली होती. ती शिकाऊ काळातली. म्हणून मी क्रमांक न लावता ‘ई मेजर सिम्फनी’ असंच म्हणतो.

याखेरीज ‘हॅम्लेट’चं ओव्हर्चर आणि ‘ज्युलियस सीझर’साठीचं प्रिल्यूड (दोन्ही नाटकाआधी वाजवायच्या धाटणीच्या रचना), ऑर्केस्ट्रासाठी स्वीट (छोट्या तुकड्यांची मालिका), १८८० चं ‘पास्टोराल्स फोरश्पील’, सी मायनरमधलं स्ट्रिंग क्वार्टेट आणि काही गाणी आहेत. ऑर्केस्ट्राच्या रचना ख्रिस्तोफर वॉर्ड आणि कोलोनच्या ग्युर्त्सेनिश ऑर्केस्ट्रानं कॅप्रिच्चिओ कंपनीसाठी दोन भागांत ध्वनिमुद्रित केल्या आहेत. सिम्फनी अंगवळणी पडल्यावर ‘पास्टोराल्स फोरश्पील’ घ्या.

१४. नाझींनी बंदी घातलेल्या संगीतकारांत रॉट येतो का?

नाही, ही सरमिसळ वारंवार होते. फ्रान्झ श्रेकर, अलेक्झांडर झेम्लिन्स्की यांच्यासारखे संगीतकार हयातीत गाजलेले होते. नाझी राजवटीनं त्यांना ज्यू म्हणून हुसकलं आणि त्यांचं संगीत मंचावरून उतरवलं. त्यांचं विस्मरण घडवून आणलेलं होतं. रॉट त्याच्या कितीतरी आधी गेला आणि त्याची सिम्फनी हयातीत मंचावर चढलीच नाही. दोन्हीकडची रेकॉर्डिंग शेजारी शेजारी विकली जातात, म्हणून गोंधळ होतो.

१५. सिम्फनीत सतत किणकिण ऐकू येते. रेकॉर्डिंग खराब आहे का?

रेकॉर्डिंग चांगलं आहे. तो ट्रँगल, धातूच्या सळीचं छोटं त्रिकोणी वाद्य. रॉटनं तो इतका लिहिला आहे की वाजवणाऱ्याचा हात भरून येतो. विशेषतः शेवटच्या मूव्हमेंटमध्ये पानंच्या पानं तो थरथरत राहतो. रॉटला आपली सिम्फनी ऑर्केस्ट्राकडून एकदाही ऐकायला मिळाली नाही. एका तालमीला बसला असता तर त्यानं निम्मा ट्रँगल स्वतःच्या हातानं खोडला असता, असं मला मनापासून वाटतं. काही कंडक्टर तो कमी करतात, काही अगदी हळू वाजवायला सांगतात, काही लिहिला तसा ठेवतात. हेडफोनवर फारच टोचत असेल तर स्पीकरवर, थोडं लांब बसून ऐका. मोठ्या खोलीत तो ब्रासच्या मागं जातो.